खाते कोणाचे?

कुळगावात, म्हणजे बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला, आमच्या गॅलरीत कागदी लिंबाची एक कुंडी आहे. तीन वर्षांत तिने एकही लिंबू दिलेले नाही. पण पानांवर पाच अळ्या निघाल्या तेव्हा घरात असा आकांत झाला, की जणू रोजचे सरबत तिच्यावरच चालले होते!

"आज त्यांचा निकाल लावा," ही म्हणाली. मी चिमटा घेऊन गॅलरीत गेलो. तेवढ्यात बारावीत एकदा गटांगळी खाल्लेले आमचे चिरंजीव लोळता लोळता म्हणाले, "बाबा, ती राणी पाकोळी असली तर?"

माझा हात थबकला. राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मॉन, २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाली. तिच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. लिंबावर नेहमी येणारे काळे-पिवळे, साधे फुलपाखरूही तिच्याच गोत्रातले. दोघांच्याही अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठेपणी हिरव्या होतात आणि डिवचले की डोक्यामागून शिंगे काढून दुर्गंध सोडतात. (शिंगे काढण्याची खोड आमच्याही घरात आहे.)

आता राणी असेल तर सोडायचे आणि साधे असेल तर चिरडायचे, हा कुठला न्याय? पंख फुटल्यावर कौतुक कोणीही करील. अळीच्या खात्यात मात्र आपण फक्त 'नावे' बाजू लिहितो : खाल्लेली पाने इतकी. 'जमा' कोरीच!

बरे, फुलपाखरू म्हणजे काही नवे खाते नव्हे. २००८ साली अमेरिकेत पतंगाच्या मोठ्या अळ्यांना एका वासाबरोबर विजेचा झटका देऊन पाहिले. कोषातून पतंग होऊन बाहेर पडल्यावरही त्यांतले बरेच जण तो वास टाळत होते. अंग मोडून नव्याने घडले, तरी आठवण शिल्लक! आदल्या रात्री चिरंजीवांना 'आयतखाऊ' म्हटल्याचे मला उगाचच आठवले.

चिमटा ठेवून दिला. अळ्यांनी कुंडी भादरली. तिघींना बुलबुलाने नेले. उरलेल्या दोघी काडीला रेशमाचा पट्टा बांधून, लोकलमधल्या प्रवाशासारख्या तोल सांभाळत कोषात गेल्या. आठ-दहा दिवसांनी सकाळीच चिरंजीवांनी हाक मारली. एक कोष फुटला होता. मागच्या पंखाच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका. साधे, लिंबावरचेच.

"राणी नाही," चिरंजीव खट्टू होऊन म्हणाले.

"नसू दे," ही म्हणाली. "त्याचे पंख वाळेपर्यंत गॅलरीत कोणी कपडे वाळत घालू नका."