चाचणीच्या वहीत कोणाचे नाव?

नवी गोष्ट मोठ्या प्रमाणावर करण्यापूर्वी ती लहान प्रमाणावर करून पाहावी, हे शहाणपण शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नव्या जातीचे भात तो सगळ्या शेतात लावीत नाही. एका खाचरात लावून पाहतो. यंत्रमानवाकडून माल तयार करून घेऊ इच्छिणारे कारखानदारही आज हेच करतात. कारखान्याच्या एका कोपऱ्यात ते एक छोटी साखळी उभारतात: एखाददुसरा यंत्रमानव, सरकता पट्टा, तपासणीचा कॅमेरा. माल खरा, वेगही खरा; फक्त प्रमाण थोडे. हिलाच पायलट लाईन म्हणतात.

तिची गरज साध्या हिशेबाने कळते. एखादे यंत्र १०० पैकी ९८ तास न अडता चालले, तर आपण त्याला चांगलेच म्हणू. पण अशी १० यंत्रे एकामागून एक जोडली, आणि एक थांबताच सगळी थांबू लागली, तर ती साखळी १०० पैकी सुमारे ८२ तासच चालेल. अमेरिकेतील टेस्ला मोटार कंपनीने आपल्या नव्या गाडीसाठी स्वयंचलित यंत्रांवर अतोनात भर दिला, तेव्हा उत्पादन अडकून पडले. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. चूक लहान आणि स्वस्त असतानाच सापडावी, हाच पायलट लाईनचा हेतू.

वाचकहो, हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, तेव्हा हा रानाचा आणि भातशेतीचा मुलूख होता. पुढे करसवलतींमुळे सिल्वासाच्या आसपास पिपरिया, मसाट, खडोली येथे कारखाने उभे राहिले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, धोडिया घरांतील आणि परप्रांतांतून आलेल्या घरांतील किती तरी चुली या कारखान्यांवर पेटतात. यांतले पुष्कळ कारखाने कृत्रिम धाग्याचे आहेत. तेथे भरलेले बॉबिन काढून रिकामी नळी लावण्याचे काम, ज्याला डॉफिंग म्हणतात, ते हातांनी करणारे कामगार असतात. हेच काम आपोआप करणारी यंत्रे जगात तयार झाली आहेत. यंत्रमानवही आता केवळ बड्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. पुण्याच्या टाल या टाटा समूहातील कंपनीने २०१७ साली ‘ब्राबो’ नावाचा यंत्रमानव लहान आणि मध्यम उद्योगांसाठी बाजारात आणला. दोन आणि दहा किलो वजन उचलणारे त्याचे दोन प्रकार होते आणि किंमत पाच ते सात लाखांच्या घरात होती.

मग यात नीतीचा प्रश्न कोठे आला? तो येथे आला की, चाचणीला जे विचारावे तेवढ्याचेच ती उत्तर देते. एका नगाला किती सेकंद लागले, शंभरांत किती नग बाद झाले, यंत्राची किंमत किती वर्षांत फिटेल, एवढेच वहीत लिहिले तर एवढेच कळेल. डॉफिंग करणाऱ्या माणसाचे पुढे काय होणार, हा रकानाच नसेल तर त्याचे उत्तरही मिळणार नाही. आणि चाचणी मात्र ‘यशस्वी’ ठरेल.

रकाना आखता येतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. तो ८ तासांत १६,००० फूट सूत काढणारा असावा आणि त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, या अटी होत्याच. पण खेड्यातील स्त्रीला तो फारसे श्रम न पडता आठ तास चालवता यावा, अशीही अट होती. कातणारीचे शरीर आणि तिचे घर या परीक्षेच्या आतच होते. किर्लोस्करवाडीलाही असा चरखा तयार झाला, परंतु तो कसोटीला उतरला नाही. ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. कित्येकांना हा हट्ट वाटेल. मला मात्र त्यातला प्रामाणिकपणा मोठा वाटतो: माणसाची अट पुरी झाली नाही, तर यंत्र उत्तीर्ण झाले असे म्हणावयाचे नाही.

कोणी म्हणेल, कारखाना मागे पडला तर सर्वांचीच भाकरी जाईल. हे खरे आहे. उकाड्यात आणि गोंगाटात दिवसभर ओझी उचलणाऱ्या पाठीचा भार यंत्राने हलका केला, तर ती दयाच होय, हेही खरे. म्हणून यंत्र आणू नका, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, पायलट लाईनच्या काळात योजना बदलणे स्वस्त असते. मोठी खरेदी झाल्यावर कोणी बदलीत नाही. कामगाराला नवे काम शिकवावयाचे असेल, तर ते शिकवणेही त्याच काळात करून पाहावे, आणि त्याचा खर्च यंत्राच्या खर्चाशेजारी मांडावा.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. यंत्र शिकते कोणाकडून? धागा कोठे बिघडला हे ज्याच्या बोटांना समजते, त्याच जुन्या कामगाराला विचारून यंत्र जुळवले जाते. त्याचे ज्ञान आपण घेतो. ते कशासाठी घेतो, हे त्याला सांगतो काय? मळणीच्या बैलाला मुसके बांधण्यास मोशेच्या नियमशास्त्रात मनाई आहे, आणि पौलाने तो नियम श्रम करणाऱ्या माणसांना लावला. ज्याच्या पायांखाली धान्य मोकळे होते, त्याचा त्या धान्यात वाटा आहे. यंत्राला हुशार करणाऱ्यालाही त्या हुशारीत वाटा असावा. निदान सत्य ऐकण्याचा हक्क तरी असावाच.

आपल्या मंडळ्यांत कामगार आहेत, तसेच फोरमन, सुपरवायझर, हिशेबनीसही आहेत. रविवारच्या शाळेतील मोठी मुले उद्या त्याच फाटकांतून आत जातील. शिक्षकांनी त्यांच्यापुढे हा प्रश्न आजच ठेवावा. आणि ज्याला चाचणीच्या बैठकीत बसण्याची संधी आहे, त्याने वहीत माणसाचा रकाना कोठे आहे, हे तेथेच विचारावे. चाचणी संपल्यावर विचारले, तर हळहळीपलीकडे हाती काही लागत नाही.