दूरत्व आणि नैतिक निवाडा

दूरस्थ संस्कृतींविषयी नैतिक निवाडा करता येतो काय, या प्रश्नाला बर्नार्ड विल्यम्स यांनी दिलेले उत्तर सुपरिचित आहे. ज्या जीवनपद्धतीचा स्वीकार हा वास्तव पर्याय असूच शकत नाही, तिच्याबाबत योग्य-अयोग्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतच नाही, असे त्यांचा 'दूरत्वाचा सापेक्षतावाद' सांगतो. तथापि दूरत्व हा निकष पुरेसा आहे काय, हे तपासावयास हवे.

१५५०-५१ मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथे झालेला वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. मेक्सिकोतील नरबळीच्या आधारे तेथील मूळ रहिवाशांविरुद्धचे युद्ध न्याय्य ठरते, असे हुआन हिनेस दे सेपुल्वेदा यांचे प्रतिपादन होते. हे लोक अॅरिस्टॉटलच्या अर्थाने निसर्गतःच दास आहेत, असाही त्यांचा दावा होता. हे दोन दावे परस्परांना छेद देतात. स्वतःचे नियमन करण्याइतका विवेक ज्याच्या ठायी नाही, त्याचा अपराधही त्याच प्रमाणात क्षीण होतो. उलट, ज्याला पूर्ण अपराधी ठरवावयाचे त्याचा विवेक मान्य करावा लागतो. बार्तोलोमे दे लास कासास यांनी नेमका हा विवेक मान्य केला. सर्वांत मोलाचे ते देवाला अर्पावे, या धारणेतून नरबळी उद्भवतो, असे त्यांनी दाखविले. ज्याच्या कृतीमागे कारणे आहेत, त्याच्याशी वाद संभवतो.

याउलट, १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात डार्विनने इक्न्यूमॉन माश्यांचा दाखला दिला. त्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाच्या शरीरात राहून त्याला खातात. डार्विनची शंका माशीच्या शीलाविषयी नव्हती, परोपकारी निर्मात्याविषयी होती. माशी अंगणातली असेल आणि तेनोच्तित्लानचा पुरोहित पाच शतकांपलीकडचा. तरी निवाड्याला पात्र आहे तो पुरोहितच. म्हणजे निर्णायक आहे ते अंतर नव्हे, उत्तरदायित्व.

परंतु उत्तरदायित्वाचा निकष केवळ कर्त्याकडे पाहतो. बळींचे प्राण वाचविणे हा सेपुल्वेदांचा सर्वांत सबळ युक्तिवाद होता. युद्धात त्याहून अधिक निरपराध मरतील, हे लास कासास यांचे प्रत्युत्तर युद्धाविरुद्ध पुरेसे आहे. वेदीवरील माणसाला मात्र ते काहीच सांगत नाही. त्याच्या वेदनेला ना संस्कृतीची पात्रता लागते, ना युक्तिवादाची. निवाडा थोपवून धरणे म्हणजे पुरोहिताच्या संस्कृतीचा आदर करताना त्याच संस्कृतीतील बळीला वगळणे होय. दूरस्थ संहितेच्या वाचकावर म्हणूनच दुहेरी बंधन येते: निवाडा करावा, पण तो ज्याच्याविषयी आहे त्याला उत्तर देता येईल अशा भाषेत, आणि ज्याला बोलूच दिले गेले नाही, त्याची जागा त्या भाषेत रिकामी ठेवून.