जकातदार घरी काय घेऊन गेला?



आज सामान्य काळातील तिसावा रविवार. मंदिरात प्रार्थनेसाठी गेलेल्या परूश्याचा आणि जकातदाराचा दाखला (लूक १८:९-१४) आपण मिस्सामध्ये ऐकला. हा दाखला इतक्यांदा कानांवर पडतो की त्यातली एक गोष्ट निसटून जाते. परूशी खोटे बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या मिळकतीचा दशांश, हे तो खरोखरच करीत होता. प्रभू येशूने त्याचा एकही आकडा खोडलेला नाही. तरीसुद्धा नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याच्यापाशी दाखवायला काहीच नव्हते!

'नीतिमान ठरणे' या दोन शब्दांच्या वादातून पश्चिमेकडील ख्रिस्तसभा दुभंगली. येत्या शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, जगभरचे लुथरन बांधव आपला धर्मसुधारणेचा दिवस पाळतील. मार्टिन लूथरचे नाव काढले की आपल्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण तो मुळात आपल्याच ख्रिस्तसभेतला संन्यासी, ऑगस्टिनियन धर्मगुरू आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात पवित्र शास्त्राचा अध्यापक. तो उपवास करी, जागरणे करी, तासन्‌तास पापनिवेदन करी. आणि एवढे करूनही 'देवाला हे पुरेसे झाले का?' या प्रश्नाने तळमळत राही. संत पौलाची पत्रे अभ्यासताना त्याला उमगले की नीतिमत्त्व ही माणसाने देवापुढे मांडायची कमाई नसून देवाने माणसाला दिलेली देणगी आहे. त्याच काळात जर्मनीत पैसे घेऊन पापाच्या दंडातून सूट, म्हणजे इंडल्जन्स, देण्याचा प्रचार चालला होता. मृतांच्या आत्म्यांच्या नावानेही पैसे गोळा होत. १५१७ मध्ये लूथरने त्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले. १५२१ मध्ये त्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. पुढे दोन्ही बाजूंनी कडवट भाषा झाली, राजेरजवाडे मध्ये पडले. तो इतिहास लांबलचक आहे, येथे त्यात शिरत नाही. मात्र इंडल्जन्सचा तो पैशांचा व्यवहार चुकीचाच होता आणि नंतर आपल्या ख्रिस्तसभेनेच तो बंद केला, हे आपण मोकळेपणाने सांगायला हवे.

लूथरची तळमळ भिवंडीकरांना समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्या गावात मागावर मजुरी मीटरवर मिळते. जितके कापड, तितका पैसा. मध्येच वीज गेली, धागा तुटत राहिला, तर तेवढे मीटर कमी. पगाराच्या दिवशी वही उघडते आणि त्यात असेल तेवढेच हाती पडते. कामाच्या बाबतीत हे रास्तच आहे. मजुरी हा हक्क आहे, शेठचे उपकार नव्हेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात संत पौल नेमके हेच उदाहरण घेतो आणि म्हणतो की देवाच्या कृपेला हा हिशेब लागू पडत नाही.

पण मीटरची ही वही घेऊनच अनेक जण मंदिरात येतात. इतके नोव्हेना केले, वेलंकणी मातेचा नवस फेडला, तरी मुलाला नोकरी नाही! असे म्हणणाऱ्याची निदान देवाशी बोलाचाली तरी चालू असते. आम्हांला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याची. ज्याच्या वहीत मीटरच नाहीत असे त्याला वाटते, त्याची. दारूपायी घर मोडलेला माणूस, वर्षानुवर्षे पापनिवेदनाला न आलेला बाप, लग्न तुटलेली बहीण. ही माणसे मिस्सा चालू असताना दाराशी उभी राहतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जातात. दाखल्यातला जकातदारही दूरच उभा होता. आजचे शुभवर्तमान त्यांच्यासाठी आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे काम पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांचे आहे.

मग सत्कर्मांची गरजच नाही काय? संत याकोब स्पष्ट सांगतो की कृतीवाचून श्रद्धा मेलेली आहे. लूथरने १५२२ मध्ये या पत्राला 'गवताचे पत्र' म्हटले होते. नंतरच्या आवृत्त्यांत ते वाक्य राहिले नाही. इकडे आपल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेही १५४७ मध्ये शिकवले होते की नीतिमान ठरण्याची कृपा आधीच्या कोणत्याही कर्माने कमावता येत नाही. म्हणजे दोन्ही घरे एकमेकांपासून दिसतात तितकी दूर नव्हती. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला केवळ कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेद्वारे स्वीकारतो, आपल्या पुण्याईमुळे नव्हे. आणि स्वीकारलेल्या माणसाला पवित्र आत्मा सत्कर्मांसाठी नवे मन देतो, असा त्याचा आशय. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनमधील लुंड येथे जाऊन लुथरन बांधवांबरोबर प्रार्थनेत सहभागी झाले.

सगळे मतभेद मिटलेले नाहीत. ख्रिस्तप्रसाद, धर्मगुरुपद, पोपमहोदयांचा अधिकार यांवर चर्चा चालूच आहे. आजचे पहिले वाचन ज्या बेनसिराच्या पुस्तकातून झाले, ते त्यांच्या बायबलच्या अनेक प्रतींत सापडत नाही. पण लूथरने स्वतः ते भाषांतरित केले होते आणि वाचायला उपयुक्त मानले होते. भिवंडीच्या गोदामांत देशभरातून तरुण कामाला येतात. झारखंडात तर १८४५ पासून लुथरन मंडळी आहे. असा कोणी आपल्या मिस्साला आला तर त्याला जागा द्यावी, त्याचे नाव-गाव विचारावे. त्याचा स्नानसंस्कार खरा आहे, तो पुन्हा द्यायचा नसतो. ख्रिस्तशरीर मात्र आज आपण एकत्र घेऊ शकत नाही. हे त्याला प्रेमाने सांगावे. घरात अशा कुटुंबाशी सोयरीक ठरत असेल, तर बिशपांची परवानगी लागते. म्हणून हॉल बुक करण्याआधी धर्मगुरूंना भेटावे.

यंदा मृतांचा स्मरणदिन, २ नोव्हेंबर, रविवारीच येत आहे. मृतांच्या नावांची पाकिटे आज दाराशी ठेवली आहेत. लूथरचा जुना प्रश्न येथेच आपल्या दाराशी येतो. पाकिटातली रक्कम ही मिस्साची किंमत नव्हे, आणि जास्त रकमेने कोणाचा आत्मा लवकर सुटत नाही. ते अर्पण आहे. मिस्साच्या देणगीत व्यापाराचा भासही नको आणि गरिबांसाठी देणगीवाचूनही मिस्सा अर्पण करावी, असे ख्रिस्तसभेचा कायदाच (कलम ९४५ व ९४७) सांगतो. ज्यांच्या घरी या महिन्यात ओढाताण आहे, त्यांनी नुसते नाव लिहून पाकीट रिकामे दिले तरी चालेल. सगळी पाकिटे वेदीजवळ एकाच टोपलीत ठेवली जातील.