दार लावण्याची वेळ

दिवेलागण झाली की आमच्या आईची एक आज्ञा ठरलेली असे: पुढचे दार उघडे ठेवा, मागचे लावून घ्या. पुढून आलेली लक्ष्मी मागच्या दाराने निघून जाऊ नये! लहानपणी मला या आज्ञेचे हसू येई. आज चाळिशी उलटल्यावर वाटते, कोणते दार केव्हा लावायचे हे कळण्यातच संसाराचे निम्मे शहाणपण आहे. हे पुन्हा आठवले ते माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत तपासणीला आले होते. सहावीतल्या या मुलीच्या छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये शांतता असावी लागते. इथे ती नव्हती. एखादे यंत्र चालावे तशी अखंड घरघर होती. पुढे शहरात तपासणी झाली आणि निदान ठरले. जन्मानंतर लगेच मिटायला हवी होती अशी एक रक्तवाहिनी अकरा वर्षे उघडी राहिली होती.

ही वाहिनी मुळात शत्रू नव्हे. आईच्या पोटात बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो. फुप्फुसांना काम नसते. म्हणून फुप्फुसांची धमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये निसर्ग एक आडवाट ठेवतो, आणि त्या वाटेने रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते, फुप्फुसे हवेने भरतात आणि बहुतेकांची ही वाट दोन-तीन दिवसांत आपोआप मिटते. जिची मिटत नाही, तिच्या शरीरात प्रवाह उलटतो. महाधमनीतले शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांत शिरते आणि हृदयावर दुहेरी कामाचा भार पडतो.

डॉक्टरांनी वाट बंद करायला सांगितले. मुलीची आई घाबरली, आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी धावते, खेळते. देवानं ठेवलेलं दार आपण का लावायचं? तुम्हीच सांगा."

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. 1938 पर्यंत वैद्यकशास्त्रही जवळजवळ आजींचेच उत्तर देत असे. त्या वर्षी 26 ऑगस्टला बॉस्टनच्या बालरुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस या तेहतीस वर्षांच्या शल्यविशारदाने सात वर्षांच्या एका मुलीची छाती उघडली आणि ही वाहिनी रेशमी धाग्याने बांधून टाकली. त्याचे वरिष्ठ विल्यम लॅड तेव्हा बाहेरगावी होते. मुलगी वाचली, म्हणून ग्रॉस थोर ठरला. ती दगावली असती तर? कृत्य तेच, हेतू तोच. मग केवळ फळावरून न्याय करायचा काय? मला वाटते, ग्रॉसचे खरे समर्थन यशात नाही. काही न करता बसले तर त्या मुलीचे काय होणार, हे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले होते, त्यात आहे.

पुढे छाती उघडण्याचीही गरज उरली नाही. 1967 साली बर्लिनच्या वेर्नर पोर्स्टमन यांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून स्पंजासारख्या बुचाने वाट बंद करण्याची रीत जगापुढे मांडली. आता निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांचे जाळीदार बूच वापरतात. नळीत ते काडीसारखे आखडून बसते आणि बाहेर पडताच आपला मूळ आकार घेते. बूच निसटण्याचा, रक्तस्रावाचा धोका थोडा असतो. अगदी नसतो असे नाही.

मी आजींना म्हणालो, "आजी, देवानं दार ठेवलं तसं ते लावायचंही ठरवलं होतं. राहून गेलेलं काम तेवढं डॉक्टर पुरं करताहेत." उत्तर मला फार पटले, पण घरी आल्यावर ते अपुरे वाटू लागले. कारण काही बाळांच्या हृदयाची रचनाच अशी बिघडलेली असते की या आडवाटेवाचून ती जगूच शकत नाहीत. त्यांची वाट प्रोस्टाग्लँडिन नावाचे औषध देऊन मुद्दाम उघडी ठेवतात. उलट, मोठी वाट वर्षानुवर्षे तशीच राहिली की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कठीण होतात, आणि मग ती बंद करणेच घातक ठरू शकते. म्हणजे निसर्गाचा हवाला देऊन कुणालाच सुटता येत नाही. तीच वाट गर्भात वरदान, एका बाळाला आधार, दुसऱ्याला व्याधी. चांगले-वाईट त्या वाटेत नाही; ते वेळेत आहे, आणि वेळ ओळखणे माणसाच्या माथी आहे.

मुलीची वाट बंद झाली. दोन दिवसांत ती घरी आली. शहरातून निरोप येईपर्यंतची ती रात्र मात्र मी जागून काढली. काही अघटित घडले असते तर ते देवावर ढकलता आले नसते, कारण शब्द माझा होता. पण त्याच रात्री हेही कळले, की मी गप्प बसलो असतो तर तो गप्पपणाही माझाच ठरला असता. दार न लावणे हाही एक निर्णयच असतो.

परवा आजी शाळेत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरीच्या छातीला कान लावला. आता घरघर नाही." आणि जरा थांबून पुढे म्हणाल्या, "पण तुम्हाला भीती वाटली नव्हती?"

मी खरे तेच सांगितले. "वाटली होती, आजी."

त्यांनी मान डोलावली. मला वाटते, माझ्या साऱ्या युक्तिवादांत त्यांना पटलेले हे एकच वाक्य असावे.