हरकत नाही

मराठी माणसाच्या बोलण्यातले सर्वांत महाग शब्द कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी 'हरकत नाही' हे दोन शब्द सांगेन. शिंपी दिवाळीचा सदरा पाडव्यानंतर देतो. आपण म्हणतो, हरकत नाही. उसने नेलेले पुस्तक शेजारी पाने दुमडून परत करतो, हरकत नाही. हे शब्द उच्चारताना पदरचे काही जात नाही असे वाटते. परंतु सह्या झालेल्या कराराचा मुहूर्त समोरचा पक्ष एकट्याच्या मर्जीने पुढे ढकलतो, तेव्हा याच शब्दांनी आपण नेमके काय देऊन टाकतो, हा प्रश्न मला गेल्या उन्हाळ्यापासून छळतो आहे.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांनी नाव थोडे दिले आणि पैसे त्याहून थोडे. अशा माणसाकडे एका प्रकाशनसंस्थेने कुमारांसाठी दहा छोट्या पुस्तकांचे काम दिले. हल्ली या प्रकाराला फ्रीलान्स म्हणतात. म्हणजे नोकरी नाही, रजा नाही, काम तेवढे दाम. आरंभ 5 मे, हस्तलिखित 15 ऑगस्टला. चित्रांचा आराखडा त्यांच्याकडून यायचा आणि त्याबरहुकूम मी गोष्टी रचायच्या. दोन्हीकडून सह्या झाल्या. मी सुट्टीतला शिकवणीचा वर्ग सोडला, तो दुसऱ्या एका मास्तरांनी घेतला. आणि 3 मे रोजी फोनवर निरोप आला : 'काही कारणाने आरंभ थोडा पुढे जात आहे. तारीख कळवू. आपले सहकार्य गृहीत धरतो.'

कादंबरीकाराला शब्दांची खोड असते. 'थोडा' म्हणजे किती? आणि 'गृहीत' हा शब्द तर भूमितीतला. भूमितीत जे गृहीत धरतात ते सिद्ध करावे लागत नाही.

या अवस्थेची गंमत अशी की, तीत रागावायलाही जागा नसते. काम काढून घेतलेले नसते, म्हणून भांडता येत नाही. हाती दिलेले नसते, म्हणून मांडी ठोकून बसता येत नाही. दुसरे काम घ्यावे, तर उद्या सकाळी आराखडा दारात यायचा. न घ्यावे, तर मे महिन्याचे वाणसामान कोणाच्या नावावर लिहायचे? विश्वामित्राने त्रिशंकूला निदान तारे तरी दिले होते. शिवाय आरंभाची तारीख सरकली, पण 15 ऑगस्ट मात्र जागचा हलला नव्हता. उशीर त्यांचा आणि घाई माझी, अशी ही वाटणी होती.

आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी एक वकील येतात. त्यांना मी निरोप दाखवला.

"मास्तर, उत्तर काय दिलंत?"

"अजून काहीच नाही."

"मग वाचलात. हरकत नाही असं लिहिलं असतंत, तर माझ्याकडे येऊन उपयोग नव्हता."

त्यांनी 1872 सालचा करार कायदा काढला. त्यातील 54 व्या कलमाला जोडलेले उदाहरण मला एखाद्या कथेच्या आरंभासारखे वाटले. कलकत्त्याहून मॉरिशसला माल न्यायला एकाने दुसऱ्याचे जहाज ठरवले. माल भरून द्यायचा होता भाड्याने घेणाऱ्यानेच. त्याने तो दिलाच नाही. मग त्याला जहाजवाल्याकडे काम मागण्याचा हक्क राहत नाही. उलट जहाजवाल्याचे नुकसान त्यालाच भरून द्यावे लागते. दीडशे वर्षांपूर्वीचे ते रिकामे जहाज आणि माझे रिकामे टेबल यांत मला फारसा फरक दिसेना. पुढचे 55 वे कलम अधिक मार्मिक आहे. वेळ हाच ज्या कराराचा गाभा आहे, त्यात वेळ चुकली, तर दुसऱ्या पक्षाला करार मोडता येतो. पण करार न मोडता त्याने ते उशिराचे काम पत्करले, तर मागाहून भरपाई मागता येत नाही. पत्करतानाच 'मी भरपाई मागणार आहे' असे त्याने कळवलेले असले पाहिजे. थोडक्यात, कायदा भिडस्त माणसाला फारशी दया दाखवत नाही.

परंतु माझा प्रश्न कायद्याचा नव्हता. वाट पाहण्याचे पैसे मागणे हे शोभते का, हा होता. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, लेखकाने वाण्यासारखे हिशेब मांडू नयेत. त्यांची काही अडचण असेल. माणूस राखावा." त्यांचे म्हणणे मी सहज झटकून टाकू शकलो नाही. अडचण खरी असू शकते, आणि प्रत्येक दिरंगाईला दंड लावत बसलो, तर माणसामाणसांत व्यवहाराखेरीज काही उरणारच नाही.

तरी मालधक्क्यावर जा. कोणी रेल्वेच्या वाघिणी मुदतीबाहेर अडवून ठेवल्या, तर रेल्वे डेमरेज आकारते. त्यावरून रेल्वेला कोणी कंजूष म्हणत नाही. लोखंडी वाघीण उभी राहिली, तर तिचा वेळ वाया गेला हे आपल्याला पटते. मास्तर उभा राहिला, तर तो विश्रांती घेत होता असे वाटते! मग माणूस राखायचा तो कोणी? ज्याचा वेळ गेला त्यानेच नेहमी? क्षमेबद्दल मला आदर आहे, पण आपले येणे आहे एवढे उच्चारायलाही जो धजत नाही, तो ते सोडून देतो, तेव्हा त्याला मी क्षमा म्हणणार नाही. आधी म्हणावे की हे माझे आहे; मग खुशाल सोडावे.

अर्थात असे म्हणण्याची ऐपत सगळ्यांना नसते. बीडकडचे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सही-अंगठ्याआधीच उचल घरखर्चात, आजारपणात, लग्नात गेलेली असते. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्रिसमितीच्या बैठकीत ठरते. पावसाने किंवा आणखी कशाने तो लांबला, तर मजुरी तोडलेल्या टनावर असल्यामुळे न तोडलेल्या दिवसांचे काही मिळत नाही आणि उचल मात्र अंगावर तशीच राहते. त्या कोयत्याने कोणाला पत्र लिहायचे? माझ्या प्रश्नाला निदान पोस्टाचा पत्ता होता.

आणि कधी कोणाचाच दोष नसतो. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात, तो हा हंगाम. त्या वर्षी जत्राच झाल्या नाहीत. कायदा म्हणेल, करार अशक्य झाला, घेतलेले परत करा. पण पंचाने वर्गणीचा पैसा परत मागावा की 'पुढच्या वर्षी नाचा' म्हणून फडाकडेच ठेवावा, हे त्या कायद्यात कुठे सापडणार? मी पंच असतो तर ठेवला असता. येथे 'हरकत नाही' म्हणणाऱ्याला आपण काय देतो हे पुरते ठाऊक असते.

मी प्रकाशकांना चार ओळी लिहिल्या. 20 मेपर्यंत मी मोकळा आहे. त्यानंतर हाती येईल ते दुसरे काम घेईन. आरंभ जितके दिवस सरकेल तितके दिवस शेवटही सरकेल. आणि सोडलेल्या वर्गाचे पैसे मी मागणार आहे. आकडाही लिहिला. पत्र टाकताना हात जड झाला होता, हे खरे.

आराखडा 11 जूनला आला, शाळा उघडायच्या तोंडावर. शेवटची तारीख त्यांनी सप्टेंबरअखेर केली. पैशांबद्दल अक्षर नव्हते. मी पोच देताना तो आकडा पुन्हा लिहिला. निम्मी रक्कम दिवाळीच्या आधी आली आहे. उरलेली मागावी की सोडावी, हे अजून ठरवलेले नाही.