नारळ वाढवणारी भाषा

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. देवापुढचा नारळ फोडत नाही, ‘वाढवतो’. रात्री दुकानदार दुकान ‘वाढवतो’ आणि फुटलेली बांगडी ‘वाढते’. अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून रूढ झालेल्या या वापराची आपल्याला इतकी सवय आहे, की शब्द एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे चालला आहे हे जाणवतही नाही. ते जाणवते ‘येतो’ म्हणून गेलेल्या पाहुण्याची दाराशी वाट पाहणाऱ्या ऑटिस्टिक मुलाला. आपण मात्र म्हणतो, ‘याला बोललेलं कळत नाही.’ माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि अन्यायकारकही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा ऑटिस्टिक मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. वस्तू ‘खाली ठेव’ म्हटल्यावर त्यांतला एक मुलगा ती थेट जमिनीवर ठेवी. ‘हो म्हणालास तर खांद्यावर घेईन’ असे सांगून वडिलांनी त्याला ‘हो’ म्हणायला शिकवले, तेव्हा ‘हो’चा अर्थ त्याच्यापुरता ‘मला खांद्यावर घ्या’ असाच ठरला. शब्दशः अर्थ घेणारे मूल ही प्रतिमा तिथून रुजली.

पण कॅनर तिथे थांबले नाहीत. १९४६ च्या लेखात त्यांनी अशा मुलांच्या ‘असंबद्ध’ बोलण्याचा माग काढला. एका मुलाला आई बडबडगीत म्हणून दाखवत असताना तिच्या हातून भांडे पडले होते. त्यानंतर तसे भांडे दिसले की तो त्या गीतातले शब्द उच्चारी. ऐकणाऱ्याला ती बडबड वाटे. प्रसंग ठाऊक असलेल्या आईला अर्थ लागे. कॅनर यांनी याला रूपकात्मक भाषाच म्हटले. आपल्या ‘वाढवण्या’मागे समाजाची स्मृती आहे, त्या शब्दांमागे एका मुलाची होती. समाजाची स्मृती न उलगडणाऱ्याला आपण कमी लेखतो. त्या मुलाची स्मृती आपल्याला उलगडत नाही, तेव्हाही दोष त्याच्याच माथी मारतो.

पुढच्या संशोधनाने हा दोषारोप आणखी सैल केला. ब्रिटनमधील संशोधक कोर्टनी नॉर्बरी यांना २००५ मध्ये आढळले, की रूपक समजणे हे ऑटिझमच्या निदानापेक्षा मुलाच्या भाषिक जाणकारीवर, शब्दार्थांच्या ज्ञानावर अधिक अवलंबून असते. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात एक गोष्ट माणसामाणसांतून पुढे सांगत नेली गेली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीइतकीच टिकली. गळती अधिक झाली ती मिश्र साखळीत.

याचा अर्थ अडचण खोटी आहे असा नव्हे. वाक्प्रचार पाठ केलेल्या प्रौढ ऑटिस्टिक माणसालाही मुलाखतीनंतरचे ‘बघू, कळवतो’ हा होकार की नकार, हे जागच्या जागी ठरवणे जड जाऊ शकते. डॉक्टरांनी ‘थोडं दुखेल’ म्हटले, तर थोडे म्हणजे किती? असा प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट ठरवले, की तो विचारणेच सोडून देतो. न विचारलेल्या त्या प्रश्नापायी कधी नोकरी जाते, कधी औषध चुकते.

मराठीत आपण ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतो. स्वतःत बुडालेला माणूस, हेही रूपकच. ते संवाद तुटण्याचे कारण आधीच त्या माणसाच्या आत नेऊन ठेवते आणि आपल्याला मोकळे करते. हा शब्द आता तपासून पाहायला हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. त्याच कायद्यात ‘संवादा’च्या व्याख्येत ब्रेल आणि सांकेतिक भाषेबरोबर साधी-सोपी भाषाही गणली आहे. रॅम्पसाठी सिमेंट लागते, साध्या भाषेसाठी फक्त बोलणाऱ्याची तयारी. म्हणी आणि वाक्प्रचार टाकून द्यायची गरज नाही. त्यांचा अर्थ विचारला तर न हसता सांगावा. नकार असेल तर ‘नाही’ म्हणावे, वेळ द्यायची तर घड्याळातली द्यावी. आणि ऑटिस्टिक माणसाचे बोलणे असंबद्ध वाटले, तर त्यामागचा प्रसंग शोधावा, त्या आईला तो ठाऊक होता तसा.