त्यांचा धम्म, आपले शील

परमपूज्य बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला : 'दि बुद्ध अँड हिज धम्म'. 'हिज' म्हणजे 'त्यांचा'. पाटलाचे शेत म्हटले की मालकी कळते. उसाची गोडी म्हटले की ती उपजली कोठे ते कळते. इंग्रजी षष्ठीही ही दोन्ही कामे करते. येथील 'हिज' दुसऱ्या जातीचा. धम्म तथागतांच्या शोधातून निघाला. पण त्यात त्यांनी स्वतःसाठी स्थान मागितले नाही, असे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात दाखविले आहे.

मग घरच्या माणसाने दारू सोडली की आपण 'बाबासाहेबांची कृपा' का म्हणतो? मार्ग त्यांचा, हे खरेच. पण पाचवे शील कोणी कोणासाठी पाळू शकत नाही. ते त्या माणसाच्या निश्चयातून, रोज संध्याकाळी गुत्त्यावरून सरळ घरी येण्यातून उपजले. त्याला 'त्याचे शील' म्हणायला आपली जीभ अजून कचरते.